चिपसेटचा पंखा वारंवार बंद पडतो: पंख्याविना चालणारा हीटसिंक कसा निवडावा

अकोल्यातील एका छोट्या छापखान्याच्या डीटीपी विभागात २००५ साली जोडलेला एक संगणक अजूनही रोज चालतो. सॉकेट ९३९ चा अ‍ॅथलॉन ६४ प्रोसेसर, एनफोर्स४ चिपसेटचा मदरबोर्ड आणि विंडोज एक्सपी अशी त्याची जडणघडण आहे. चिपसेट म्हणजे प्रोसेसरला डिस्क, यूएसबी, नेटवर्क अशा इतर भागांशी जोडणारी मदरबोर्डावरची चिप. तो मोडीत न काढण्याचे कारण साधे आहे. तेथील जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (परवाना तपासणारे छोटे उपकरण) प्रिंटर पोर्टलाच लागते आणि पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल यांच्या हजारो फाइली त्याच सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. या संगणकाची देखभाल माझ्याकडे असल्याने त्याच्या चिपसेटवरचा ४० मिलिमीटरचा चिमुकला पंखा मी चार वर्षांत तीन वेळा बदलला, आणि तिसराही घरघरू लागला तेव्हा चौथा आणायचा नाही असे ठरवले.

बिघाडाचा क्रम दर वेळी सारखाच असे. सकाळी संगणक सुरू करताना पहिली दोन-तीन मिनिटे रातकिड्यासारखी किरकिर ऐकू येई आणि मग थांबे. पुढे काही आठवड्यांनी ती दिवसभर राही. मग एके दिवशी आवाज पूर्ण बंद होई आणि ऑपरेटर समाधानाने सांगे की पंखा आपोआप सुधारला. खरे तर तो अडकलेला असे. त्यानंतर दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मोठी फाइल सेव्ह करताना संगणक जागच्या जागी गोठे, माउस हलेनासा होई आणि पुन्हा सुरू केल्यावर कधीकधी बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅमला, हार्डडिस्कच सापडत नसे. अर्धा तास बंद ठेवला की सारे सुरळीत.

दोष चिपसेटचाच आहे याची खात्री

हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या पापुद्रेदार धातूच्या ठोकळ्यावर, पैसे घालण्यापूर्वी उष्णता नक्की कोठे अडते आहे हे ठरवावे, कारण याच लक्षणांमागे फुगलेले कपॅसिटर, सैल साटा केबल (हार्डडिस्कची जोडणी) किंवा थकलेला एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा) असू शकतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून सपाट आहेत ना, हे विजेरीच्या उजेडात पाहावे. डोके वर आलेला किंवा बुडाशी तपकिरी ओघळ असलेला एक जरी कपॅसिटर दिसला तरी आधी तो बदलून घ्यावा. साटा केबल बदलून पाहायला दोन मिनिटे लागतात, तेही करावे.

आवाज कोणाचा हे ओळखण्यासाठी जाडसर कागदाची वीतभर लांब नळी करावी, एक टोक कानाला लावावे आणि दुसरे टोक चालू पंख्यांच्या जवळ, पण पात्यांना न लागेल असे, एकेक करून धरावे. प्रोसेसरचा, एसएमपीएसचा, ग्राफिक्स कार्डाचा आणि चिपसेटचा असे चारही आवाज इतके वेगळे ऐकू येतात की चूक होणे अवघड. बोटाने पंखा थांबवून पाहण्याची सवय अनेकांना असते, पण ४० मिलिमीटरच्या पंख्याची पाती पातळ असतात आणि एक पाते तुटले की तोल जाऊन बेअरिंग आणखी लवकर झिजते.

एनफोर्स४ च्या बाबतीत लक्षणे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत असतो, त्यामुळे या बोर्डावर नॉर्थब्रिज (मेमरी व ग्राफिक्स सांभाळणारी) आणि साउथब्रिज (डिस्क, यूएसबी वगैरे सांभाळणारी) अशा दोन वेगळ्या चिप नाहीत. पीसीआय एक्सप्रेस, साटा, नेटवर्क आणि यूएसबी ही सगळी कामे एकच चिप करते. म्हणून ती तापली की प्रोसेसरचे तापमान अगदी ठीक दिसत असतानाही डिस्क नाहीशी होते, माउस अडतो, नेटवर्क तुटते. या तिन्ही तक्रारी एकदम आल्या तर संशय थेट चिपसेटवर घ्यावा. विंडोजच्या त्रुटींची नोंद ठेवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही मला डिस्क कंट्रोलरच्या त्रुटींची रांग सापडली आणि त्या सगळ्या दुपारच्या वेळच्या होत्या.

शेवटची चाचणी फुकट आहे. दुपारी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर दहा-बारा जीबीचा फोल्डर कॉपी करायला लावावा. केस बंद असताना संगणक वीस मिनिटांत गोठला, आणि केस उघडून टेबलफॅनचा झोत थेट बोर्डावर सोडल्यावर तीच कॉपी निर्धोक पूर्ण झाली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. आमच्याकडे नेमके असेच झाले.

पंखा का टिकत नाही

छापखान्यात कागद कापण्याचे यंत्र असते आणि त्याची बारीक रुई हवेत तरंगत असते. त्यात विदर्भातला उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. कूलरची ओलसर हवा खोली थंड करते हे खरे, पण तीच ओल कागदाच्या रुईला चिकटपणा देते. हीटसिंकच्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटींवर हा थर इस्त्री केल्यासारखा बसतो. पंखा फिरतो, पण हवा पुढे जात नाही. बेअरिंग तापते, त्यातले तेल सुकते आणि मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांनी फिरणारी ती छोटी मोटर वर्षा-दीड वर्षात अडकते. पंखा बदलताना मी दर वेळी हा थर ब्रशने काढत होतो आणि काम झाले असे समजत होतो. आजार मात्र फटींच्या मापात आणि खोलीच्या हवेत होता.

त्यावरून एक सोपा वाटणारा उपायही बाद होतो. पंखा काढून टाकावा आणि मूळ हीटसिंक तसाच ठेवावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. पंख्यासाठी बनवलेल्या हीटसिंकचे पापुद्रे दाट असतात, कारण तेथे हवा जोराने ढकलली जाणार हे गृहीत धरलेले असते. पंखा काढला की त्या अरुंद फटीत गरम हवा चिकटून राहते आणि वर सरकत नाही. नैसर्गिक प्रवाहासाठी सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या पापुद्र्यांमध्ये ५ ते ८ मिलिमीटरची फट लागते. दुकानात हीटसिंक हातात घेतल्यावर मी आता त्याचे वजन पाहत नाही, करंगळीचे टोक दोन पापुद्र्यांच्या मध्ये निदान टेकते का ते पाहतो.

गणित एकदा मांडावे

हीटसिंकची क्षमता दर वॅटला किती अंश, या मापात सांगतात. चिप जितके वॅट उष्णता सोडते त्याला या आकड्याने गुणले की चिप भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश जास्त तापेल ते कळते. चिपसेटचे वॅट खूप कमी-जास्त असतात: इंटेलचा पी३५ साडेचौदा वॅटचा, पी९६५ एकोणीसचा, एक्स३८ साडेसव्वीसचा, तर आयसीएच७ हा साउथब्रिज जेमतेम ३.३ वॅटचा. मी हिशेबासाठी १० वॅट धरले.

आता भोवतालची हवा. येथे चूक होते ती खोलीचे तापमान धरण्याची. मे महिन्यात अकोल्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कूलर चालू असेल तर खोली ३२-३४ अंशांवर राहते, पण वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो आणि कूलर बंद राहतो, त्यामुळे खोली बघता बघता ४२ वर जाते. हीटसिंक निवडायचा तो या तासाभरासाठी, एरवीसाठी नव्हे. केसच्या आतली हवा खोलीपेक्षा साधारण आठ अंशांनी गरम धरली तर ती ५० अंश होते. चिप ८० च्या पुढे जाऊ द्यायची नाही असे मी माझ्यापुरते ठरवले होते, म्हणजे हाताशी उरले ३० अंश. १० वॅटसाठी हीटसिंक दर वॅटला ३ अंशांचा किंवा त्याहून चांगला हवा.

स्थिर हवेत एवढी क्षमता मिळवायची तर पृष्ठभाग किती लागतो? पंख्याविना, किरणांवाटे जाणाऱ्या उष्णतेचा वाटा धरूनही, दर चौरस मीटरला एका अंशामागे आठेक वॅट उष्णता निघून जाते. त्या हिशेबाने साधारण ४२० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा. ४७ मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर उंच असे आठ पापुद्रे दोन्ही बाजूंनी मोजले तर बेरीज ३०० चौरस सेंटिमीटरच होते, म्हणजे दर वॅटला चार अंशांहून थोडे जास्त. याचा अर्थ, बोर्डावर मावेल एवढ्या उंच हीटसिंकलाही विजेविना तापलेल्या खोलीत आणि बंद केसमध्ये ९० च्या पुढे जावे लागते. हे गणित झाल्यावर माझा विचार बदलला. चिपवर पंखा नको, पण केसमध्ये हवा हलती हवी. १२० मिलिमीटरचा एक पंखा सातशे-आठशे फेऱ्यांनी संथ फिरवला तरी पापुद्र्यांवरून जाणाऱ्या झुळकीने हीटसिंकची क्षमता जवळपास दुप्पट होते आणि केसमधली हवाही खोलीच्या जवळ येते. मोठा पंखा संथ फिरतो, त्याची मोटर दणकट असते, आवाज जवळजवळ नसतो आणि तो बंद पडलाच तरी चिप तासाभरात मरत नाही.

जागेचे माप: माझी चूक

पहिला हीटसिंक मी घाईने आणला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका ओळखीच्या माणसाकडे निळ्या अ‍ॅल्युमिनियमचा, पाऊण बोट उंच, रुंद फटींचा सुरेख नग मिळाला. छिद्रांचे अंतर जुळले, चिपची उष्णता धातूत नेणारी थर्मल पेस्ट लावली, पिना बसवल्या आणि ग्राफिक्स कार्ड लावायला गेलो तर ते स्लॉटमध्ये उतरेना. या बोर्डावर चिपसेट ग्राफिक्स स्लॉटच्या शेवटाला लागून आहे. स्लॉटपेक्षा लांब असलेल्या कार्डाची खालची कड बरोबर चिपच्या डोक्यावरून जाते आणि तेथे बोर्डापासून जेमतेम सेंटिमीटरभर जागा मोकळी राहते. मूळ हीटसिंक बुटका आणि पंख्याचा का होता, याचे उत्तर तेव्हा मिळाले.

तेव्हापासून मी खरेदीच्या आधी काडेपेट्या वापरतो. रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवून अपेक्षित हीटसिंकच्या लांबी, रुंदी आणि उंचीचा ठोकळा करायचा, दुहेरी टेपने चिपवर हलकेच टेकवायचा आणि ग्राफिक्स कार्ड, पीसीआय कार्ड, साटा केबल, प्रोसेसरचा कूलर, सगळे पुन्हा बसवून पाहायचे. पुठ्ठा दबतो, धातू दबत नाही. ठोकळ्याला कोठे चेपल्याची खूण उमटली तर तेवढी उंची किंवा रुंदी वजा करायची. केबलसाठी वेगळे दहा मिलिमीटर सोडावेत.

छिद्रांचे माप केंद्रापासून केंद्रापर्यंत, तिरक्या रेषेत घ्यावे. माझ्या बोर्डावर ते ५९ मिलिमीटर आले. काही बोर्डांवर छिद्रांऐवजी तारेच्या आकड्या असतात, तेथे पिनांचा हीटसिंक बसत नाही. झाल्मनच्या एनबी४७जे सारख्या नगाला सरकणारे बाहू असल्याने तो अनेक अंतरांना जुळतो. थर्मलराइटचा एचआर-०५ आणि नॉक्टुआचा एनसी-यू६ हे हीटपाइपचे असून चिपवरची उष्णता नळीवाटे वर नेऊन पापुद्र्यांत पसरवतात, त्यामुळे जागा अडचणीची असेल तेथे त्यांचा विचार करावा. हे सगळे आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात.

मला अखेर तो निळा हीटसिंक बदलावा लागला नाही, कार्ड बदलावे लागले. अक्षरजुळणीला लांबलचक ग्राफिक्स कार्डाची काहीच गरज नव्हती. स्लॉट संपतो तेथेच संपणारे आखूड, स्वतःही पंख्याविना चालणारे कार्ड भंगारातून दोनशे रुपयांना मिळाले आणि चिपच्या डोक्यावरची जागा मोकळी झाली. ज्यांना कार्ड बदलणे शक्य नाही त्यांनी बुटक्या पण पसरट हीटसिंकच्या शोधात राहावे. तयार मिळाला नाही तर अ‍ॅम्प्लिफायरसाठी विकल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पट्टीतून हवा तेवढा तुकडा कापून, छिद्रे पाडून घेता येतो. त्याचे बूड मात्र जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून आधी ४०० आणि मग १००० नंबरने घासून सपाट करावे.

तांबे की अ‍ॅल्युमिनियम, हा वाद मला येथे निरर्थक वाटतो. तांब्यातून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट वेगाने वाहते, पण पंख्याविना अडथळा धातूत नसतो, धातू आणि हवा यांच्या मध्ये असतो. शिवाय तांबे तिप्पट जड. टॉवर केसमध्ये बोर्ड उभा असतो आणि ते सगळे वजन दोन प्लास्टिकच्या पिनांवर आडवे लटकते. काळा किंवा रंगीत अ‍ॅनोडाइझ केलेला अ‍ॅल्युमिनियम घ्यावा, कारण तो नुसत्या चकचकीत धातूपेक्षा कितीतरी पटींनी अधिक उष्णता किरणांवाटे सोडतो. आणि पापुद्रे बसवल्यावर उभे राहतील, म्हणजे फटी खालून वर मोकळ्या राहतील, याची खात्री करावी. बोर्ड टेबलावर आडवा असताना हे हटकून विसरते.

बसवताना

जुना हीटसिंक निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. संगणक दहा मिनिटे चालवावा, म्हणजे खालचा वाळलेला पॅड मऊ होतो. मग वीज पूर्ण तोडून, केसच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून बोर्ड काढावा, मागच्या बाजूने पिनांची टोके चिमट्याने दाबून सोडवावीत आणि हीटसिंक बरणीच्या झाकणासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवावा. चिपचा गाभा उघडा असेल तर एका कोपऱ्यावर आलेला ताणही टवका उडवतो, आणि मग बोर्डच गेला.

जुना पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चिप आरशासारखी दिसू द्यावी. थर्मल पेस्ट भिजलेल्या साबुदाण्याच्या एका दाण्याएवढी पुरते. दोन्ही पिना आलटून पालटून थोड्या थोड्या दाबाव्यात, एक पूर्ण दाबून मग दुसरीकडे वळू नये. हीटसिंक एकदा बसवून, उचलून पाहावा आणि पेस्टचा ठसा मध्यभागी गोल उमटला आहे ना हे तपासावे. दुहेरी चिकट थर्मल टेपवर हीटसिंक लटकवण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात टेप सैल होते आणि सुटलेला धातूचा ठोकळा खालच्या कार्डावर पडतो.

पंखा काढल्यावर काही बोर्डांचा बायोस चिपसेट फॅन सापडत नाही म्हणून बीप देत राहतो किंवा सुरूच होत नाही. हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर त्या पंख्याची सूचना दुर्लक्षित करण्याचा पर्याय असतो, तो आधी निवडून ठेवावा.

याच समस्येचे नवे रूप ज्यांच्याकडे आहे, म्हणजे २०१९ च्या एक्स५७० बोर्डांवरचा पंखा ज्यांना त्रास देतो, त्यांनी मात्र वरील मार्गाने जाऊ नये. तो चिपसेट सुमारे ११ वॅटचा आहे, पण त्याचा हीटसिंक त्या त्या बोर्डाच्या मापाने, एम.२ ड्राइव्हच्या (बोर्डावर आडव्या बसणाऱ्या एसएसडीच्या) झाकणाशी जोडून ओतलेला असतो आणि बाजारातला नग त्यावर बसत नाही. त्यांनी बायोस अद्ययावत करून पंख्याचा सौम्य पर्याय निवडावा आणि झाकण काढून धूळ साफ करावी. नवीनच बोर्ड घेणार असाल तर २०२० चा बी५५० किंवा २०२१ चा एक्स५७०एस पंख्याविनाच येतो.

मल्टिमीटरच्या थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे, टोक हीटसिंकच्या बुडाशी उष्णतारोधक टेपने चिकटवून मी मे महिन्यात आठवडाभर नोंदी घेतल्या. कूलर चालू असताना भर दुपारी ५८ अंश, वीज जाऊन पाऊण तास झाल्यावर ६७. ज्यांच्याकडे थर्मोकपल नाही त्यांनी बोट टेकवून पाहावे: चार-पाच सेकंद सहन झाले तर साठच्या खाली, टेकताच झटका बसला तर त्याहून बरेच वर. समोरच्या १२० मिलिमीटरच्या पंख्यापुढे आता नायलॉनच्या मच्छरदाणीचा एक चौकोनी तुकडा लावला आहे. कागदाची रुई त्यावरच अडते आणि ऑपरेटर दर शनिवारी, कूलरचे पाणी बदलतानाच, तो तुकडा काढून झटकतो.